कुठला इजो?

फुसानोचं सारं आयुष्य तोचिगीतल्या एका खेड्यात दुध्याच्या मळ्यात गेलं. उन्हाळ्यात पहाटे उठून दुध्याच्या लांब पट्ट्या सोलायच्या, बांबूवर वाळत घालायच्या आणि नवऱ्याला, एइझोला, सगळं हातात आयतं द्यायचं. त्याला स्वतःचे मोजे कुठे असतात हेही ठाऊक नव्हतं. दोघांचं बोलणं त्या भागातलं, सपाट. तोक्योची माणसं आवाज वर-खाली करून सारख्या शब्दांतला फरक दाखवतात. यांच्या तोंडी पूल, कडा आणि जेवायच्या काड्या, तिन्ही एकसुरात 'हाशी'. लेक तोक्योत दिलेली. तिच्या सासरी गेली की फुसानो नुसती हसून मान हलवायची.

त्या जुलैत गावच्या सभागृहात आरोग्य तपासणी होती. पोटाची सोनोग्राफी करणारा मुलगा याच भागातला, बोलणंही असंच सपाट. तो पडद्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग पोट पुसायला कागद देत म्हणाला, "इजो देस."

'इजो देस' म्हणजे 'झालं, एवढंच'. आणि 'इजो देस' म्हणजेच 'बिघाड आहे'.

फुसानोने विचारायला तोंड उघडलं, पण पुढची बाई आत आलीसुद्धा.

घरी जाताना ती सायकलवर बसलीच नाही, हातात धरून चालत राहिली. एवढंच असतं, तर इतका वेळ काय बघत होता? बिघाड असता, तर असं तोंडावर सांगितलं असतं का? कागद देताना त्याने नजर चुकवली खरी. की कागदाचा खोकाच शोधत होता? दोन्ही 'इजों'ची अक्षरं वेगळी, लिहून दाखवलं असतं तर त्यावरून कळलं असतं. कानावर पडलेल्या शब्दाला अक्षर कुठून आणायचं?

दुसऱ्या दिवशी तिने एइझोला शेगडीपाशी उभं केलं.

"हे सूपचं पाणी. उकळी आली की आच बंद. मिसोचा गोळा नंतर घालायचा, आधी नाही."

"मला कशाला सांगतेस? तू आहेस की."

"आज आहे."

पुढचा आठवडाभर हेच. तांदूळ कसे धुवायचे, प्लास्टिकचा कचरा कुठल्या वारी टाकायचा, चड्ड्या कुठल्या कप्प्यात. एइझोने दोनदा भात करपवला. शेवटी त्याने पळी खाली ठेवली.

"फुसानो, खरं सांग. मला सोडून चाललीस ना?"

फुसानोने करपलेलं भांडं घासायला घेतलं.

"टीव्हीवर दाखवतात. म्हाताऱ्या बायका घटस्फोटाच्या कागदावर सह्या करून मोकळ्या होतात. कुणाकडे जाणार आहेस?"

"कुणाकडे म्हणजे? तुमच्या आईकडे, स्मशानात!"

एइझोला काहीच कळेना. "आईचा इथे काय संबंध?"

"अहो, तो सभागृहातला मुलगा म्हणाला, इजो आहे."

"कुठला इजो?"

"तेच तर कळत नाहीये!"

"तळहातावर अक्षर काढून दाखव."

"मी ऐकलं, वाचलं नाही. अक्षर कुठून काढू?"

एइझोने डोकं खाजवलं. "दुकानातली पोरगी रोज विचारते, 'इजो देस का?' एवढंच का, म्हणून. तू कधी घाबरलीस का तिला?"

"तिच्यापुढे मी पोट उघडं टाकून झोपते का?"

हे त्याला पटलं, आणि मग तोही घाबरला. त्याने तपासणीवाल्यांना फोन लावला. तो मुलगाच आला फोनवर.

"आजोबा, मी 'संपलं' असं म्हणालो. बिघाडाचं बोलायचा मला अधिकारच नाही, ते डॉक्टर बघतात. थांबा, त्यांनी पाहिलंय. इजो नाशी."

'नाशी' म्हणजे 'नाही'. आणि 'नाशी' म्हणजे नासपतीही.

"नासपतीचं काय?" एइझो ओरडला. "तिच्या पोटात नासपतीएवढं काही आहे का?"

"नाही हो आजोबा! काही नाही! आजी ठणठणीत आहेत!"

एइझोने फोन ठेवला आणि ऐकलेलं जसंच्या तसं बायकोला सांगितलं. फुसानोने पळी उचलली, परत ठेवली. रडावं की चिडावं हे तिला ठरवता येईना.

"मग?" एइझोने हळूच विचारलं. "आता उद्यापासून भात मी करायचा, की नाही करायचा?"

"करायचा," फुसानो म्हणाली.