पानावरच्या मटणात काहीच उगवलं नाही

इथले सगळ्यांचे भुताखेतांचे अनुभव मी वाचते. खरं सांगते, एकही पटलेला नाही. चौथी शिकलेली बाई आहे, पण मेलेलं माणूस परत येत नाही एवढं मला कळतं. म्हणून तर हे लिहावं लागतंय याचा राग येतो.

कार्ल्यात हायवेला लागून आमची मटणाची खानावळ आहे. उन्हाळ्यात जेवून गेलेली काही माणसं आजारी पडली... जुलाब, ताप. खानावळीला कुलूप लागलं. अन्न खात्याचे साहेब म्हणाले, दोष सापडून दूर झाल्याशिवाय उघडायची नाही. घर तिच्यावरच चालतं.

माझी नात सुप्रिया तळेगावला लॅबमध्ये मांस तपासते. तिला बोलावलं. ते लोक जेवले त्याच बोकडाचं मटण फ्रिजमध्ये उरलं होतं, त्यातलं तिने घेतलं. मग तिची नजर चुलीमागे गेली. आमच्यात बोकड कापला की पहिला तुकडा गेलेल्या माणसासाठी चुलीमागे पानावर ठेवतात. आमचे हे गेल्यापासून तो त्यांचा. पुढचा बोकड येईपर्यंत तिथेच असतो.

"आजी, उघड्यावर? हेही नेते. यात तर जंतूंची जत्रा भरली असेल."

"ने. तुज्या आजोबाला इचारून ने."

लॅबमध्ये मांस कालवून उबेला ठेवतात, मग बशीतल्या खरवसासारख्या थरावर पसरतात. जंतू असले की ठिपके उगवतात. फ्रिजमधल्या मटणाची बशी भरून गेली, साल्मोनेला नावाचा जुलाबाचा जंतू निघाला. पानावरच्या मटणाची बशी कोरी.

"कोरी म्हंजी बरंच की."

"अगं, ताज्या मटणातही काहीतरी उगवतंच. मी पुन्हा केलं. मग मुद्दाम त्यात जंतू सोडले, तेही मेले. लॅबच्या मॅडम म्हणतात, तुम्ही जंतू मारायचं औषध मारलंत."

"मॅडमला म्हणावं, औषध असतं तर फ्रिजात नसतं का मारलं?"

औषधाचीही तपासणी झाली. निघालं नाही.

फ्रिजच्या दाराचं रबर फाटलं होतं, आत गारवाच धरत नव्हता. फ्रिज बदलला, भांडी-ओटे उकळत्या पाण्याने धुतले, नवं मटण तपासून घेतलं. कुलूप निघालं.

पोरगा म्हणतो, "आये, आबांनीच राखलं."

त्या माणसाने जन्मात सुरी धुतली नाही. आणि राखायचंच होतं, तर फ्रिजभर मटण होतं, जेवणारी माणसं होती. राखलं काय, तर स्वतःच्या पानातलं तेवढं.

कारण सुप्रियाला सापडलेलं नाही, मलाही नाही. त्यांचा तुकडा मात्र आता चुलीमागे ठेवत नाही. फ्रिजमध्येच ठेवते, सगळ्या मटणाच्या मधोमध.