आमच्या घरची चाट

लिहिण्यासाठी लेखकाला काय काय लागतं, यावर मी व्याख्यान देऊ शकतो. दिलेलंही आहे. एका वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मी चांगला पाऊण तास बोललो होतो. हक्काची जागा हवी, चांगला दिवा हवा, हाताला सवयीची लेखणी हवी, वगैरे वगैरे. श्रोते तेरा होते आणि त्यातले दोघं खुर्च्या आवरायला थांबलेले. तरी घरी येईपर्यंत माझ्या बोलण्याचा माझ्यावरच इतका परिणाम झाला, की मी दुसऱ्याच दिवशी जाऊन टेबल घेतलं.

टेबल दणकट होतं. जिन्यातून वर येईना, म्हणून त्याचे पाय काढावे लागले. सुतारानं ते परत बसवताना एक पाय जरा आखूड बसवला, तेव्हापासून ते डुगडुगतं. मग फिरती खुर्ची आली. मान वळवता येणारा दिवा आला. शाईची पेनं पाच झाली. त्यातली दोन गळतात, एक अडतं, आणि उरलेल्या दोन पेनांना मी कुणाला हात लावू देत नाही, स्वतःलाही नाही. हातकागदाची एक वही घेतली, ती इतकी देखणी निघाली की तिच्यात वाईट वाक्य लिहायचा धीर होईना, आणि चांगलं वाक्य सुचेना. पहिल्या पानावर ‘श्री’ लिहून मी मागे फिरलो, त्याला सहा वर्षं झाली. आता त्या टेबलावर बायको इस्त्रीचे कपडे ठेवते. चटणीसाठी भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं काढायलाही ते फार सोयीचं आहे, असं तिचं मत पडलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी पठ्ठ्यानं अंगण पाच वेळा सरळ करून घेतलं, नाच काही आला नाही.

आता खरं काय ते सांगून टाकतो. टेबल आल्यानंतर मी जे काही बरंवाईट लिहिलं, ते एका सुपावर लिहिलं. फरशीवर मांडी घालून बसायचं, सूप मांडीवर घ्यायचं, त्यात पाठकोरे कागद आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातलं बॉलपेन. संपलं साहित्य.

हे सूप अम्माचं, म्हणजे माझ्या आईचं. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातली विणकर माणसं. वडील मागावर टॉवेल विणायचे. घरात बोली तेलुगू, आणि सुपाला आम्ही म्हणतो चाट. अम्मानं त्या चाटेत धान्य फारसं पाखडलं नाही. पन्नास वर्षं तिनं त्यात विड्या वळल्या. ओलसर पानं, तंबाखू, दोऱ्याची रिळं, कातरी आणि पान मापात कापायचा पत्र्याचा फर्मा, असा तिचा सगळा कारखाना मांडीवर असायचा. फर्मा ठेवून पान कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. हात हे करत असायचे आणि डोळे रस्त्यावर, कोण आलं कोण गेलं. पुढं डोळ्यांचं ऑपरेशन झालं, बोटं थरथरायला लागली आणि काम सुटलं. चाट दाराआडच्या खिळ्यावर गेली.

ती माझ्या हाती लागली त्याला कारण माझा तापटपणा. मे महिना होता. सोलापूरच्या मे महिन्यात पंखा बंद करून लिहायला बसणारा माणूस एक तर योगी असतो नाही तर त्याचं वीजबिल थकलेलं असतं. मी दोन्ही नव्हतो. पंखा पाचावर होता आणि टेबलावरचे कागद उडत होते. एकावर किल्ली ठेवली, दुसऱ्यावर अडकित्ता, तिसऱ्यावर चष्म्याचं घर. चौथा कागद उडाला तो थेट आमटीच्या पातेल्यात जाऊन पडला. मी जे काही बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तणतणत फरशीवर फतकल मारली आणि दाराआडची चाट ओढून मांडीवर घेतली. तिला तीन बाजूंनी काठ, चौथ्या बाजूला माझं पोट. कागद जाणार कुठं? वारं वरच्या वर निघून जायचं. पेन ठेवलं की आपसूक घरंगळत माझ्याकडेच यायचं. त्या बैठकीत चार पानं झाली.

तेव्हापासून ती सुटलीच नाही. तिच्या कामट्यांत पन्नास वर्षांचा तंबाखू मुरलाय, त्यामुळे दर दोन वाक्यांमागे मला एक शिंक येते. बायको स्वयंपाकघरातून शिंका मोजते आणि जेवायला वाढताना सांगते की आज काही विशेष झालेलं दिसत नाही.

लिहून झालं की मी ते अम्माला वाचून दाखवतो. तिला मराठी सगळं कळतं, वाचता मात्र येत नाही. तिच्याकडे दोनच निकाल. एक म्हणजे काही न बोलणं, ही पसंती. दुसरा एका शब्दाचा. विड्या घेऊन बायका कारखान्यात जातात तेव्हा तिथं तपासणारा बसलेला असतो. सैल, वाकडी, बारीक विडी दिसली की तो ती बाजूला फेकतो. त्याला छाट म्हणतात. अम्माच्या विड्या क्वचितच छाट व्हायच्या, माझे लेख मात्र बऱ्यापैकी होतात.

यंदा पुण्याच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. विषय होता, लेखकाची आवडती साधनं. माझ्या अंगात व्याख्यान संचारलं. शाईच्या पेनावर लिहिलं मी. निबेची कुरकुर, दौतीतला निळा अंधार, बोटांना लागलेली शाई आणि असलंच बरंच काही. वास्तविक माझ्या बोटांना शाई लागते ती फक्त पेन गळतं तेव्हा. आणि हा सगळा लेख मी निर्लज्जपणे चाटेवर बसून, म्हणजे चाट मांडीवर घेऊन, बॉलपेननं लिहिला. अम्माला वाचून दाखवला.

“छाट,” अम्मा म्हणाली.

मी म्हटलं, का? तिचं बोलणं अर्थातच तेलुगूतलं, पण मराठीत आणताना ती माझ्या कानाला सोलापुरीच ऐकू येते, त्याला माझा इलाज नाही.

“लिवलंस कशावर बसून?”

मी सांगितलं, चाट घेऊन.

“मग तिचं नाव कुटं हाय ह्यात?”

मला राग आला. खरं बोललेलं मला नेहमीच लागतं. हा अंक पुण्यात निघतो, मोठमोठी माणसं वाचतात, असं काहीतरी मी बडबडलो. विडीच्या सुपाबद्दल काय लिहायचं, हे वाक्य पार ओठापर्यंत आलं होतं. ते मी गिळलं, पण तिला ते ऐकू गेलं असावं. पुढचे दोन दिवस तिनं आज काय लिहिलंस हेही विचारलं नाही. टीव्हीसमोर बसून राहायची, आणि मांडीवर काही नसताना तिची बोटं आपली हलत असायची.

ते मला फार लागलं. तिनं आम्हा तीन भावंडांना त्या चाटेवर वाढवलं, आणि मी इतकी वर्षं लिहितोय. माझ्या टकलावर लिहिलं, शेजाऱ्याच्या बोकडावर लिहिलं, पाणी चार दिवसांआड येतं त्यावर तर तीनदा लिहिलं. विडी हा शब्द माझ्या लिखाणात एकदाही नाही. हे चुकून झालेलं नव्हतं, आणि ते मलाच ठाऊक होतं.

झालं होतं असं. वडिलांच्या हट्टापायी मला आमच्या भागापासून लांब, पार गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत घातलं होतं. तिथल्या पोरांचे बाप कचेरीत जायचे. दुसरीत असताना बाईंनी एकेकाला उभं करून विचारलं, तुझी आई काय करते? मला सुपाला मराठीत काय म्हणतात ते माहीत नव्हतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, आमची अम्मा ओट्यावर चाट घेऊन बसते.

आनंद झाला की तोंड चाटेएवढं होतं, असं आमच्या भाषेत म्हणतात. बाईंचं तसं झालं. अरे वा, चाटची गाडी आहे तुमची? भेळ असते का? पाणीपुरी? सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. एवढ्या आदरानं माझ्याकडं त्याआधी कुणी बघितलं नव्हतं, आणि नंतरही बघितलेलं नाही. इथवर निव्वळ भाषेचा घोटाळा होता, माझा काही दोष नव्हता. पण त्या क्षणी मला नाही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, भेळ असते, शेवपुरी असते, आणि आमची चिंचेची चटणी लई फेमस आहे. माझं पहिलं ललित लेखन ते. वर्षभर मी ते नेटानं चालवलं, रोज नवा पदार्थ घालून. विडीचा वास दप्तराला येतो म्हणून दप्तर बाहेर उन्हात ठेवायचो.

गंमत म्हणजे त्याच वर्षी आमच्या घरी भेळ व्हायला लागली. दर रविवारी. ती इतकी वाईट असायची की काय सांगू. कधी चिंचेचं पाणी जास्त पडून चुरमुऱ्यांचा लगदा व्हायचा, कधी तिखट इतकं की वडील उठून अंगणात जायचे. मी नाकं मुरडत खायचो. गिळगिळीत झालीय म्हणायचो. बाईंना कधीतरी खरी गोष्ट कळेल या धास्तीत मात्र मी सतत असायचो. पुढच्या जूनमध्ये त्यांची बदली झाली आणि माझा जीव भांड्यात पडला. घरातली भेळही तेव्हाच कधीतरी बंद झाली.

तर दोन दिवस अम्माचा अबोला सोसून तिसऱ्या दिवशी मी चाट घेऊन बसलो आणि हे सगळं लिहून काढलं. शिंका तर इतक्या आल्या की बायकोनं मोजायचं सोडलं. संध्याकाळी कागद घेऊन अम्माच्या कॉटपाशी गेलो. तिनं हात पुढं करून चाट मागितली आणि मांडीवर घेतली. मी एकेक पान वाचून त्यात टाकायला लागलो. ती अंगठ्यानं पानांच्या कडा सारख्या करत होती, विड्यांचा कट्टा, म्हणजे जुडी, बांधताना करायची तशा.

शाळेचं पान आलं आणि माझी हिंमत खचली. तिला वाचता येत नाही. ते एक पान गाळून पुढचं वाचलं असतं तर तिला आयुष्यात कळलं नसतं. ऐंशीला टेकलेल्या बाईला कशाला सांगायचं, की तुझ्या कष्टाची पोराला लाज वाटली आणि त्यानं तुला भेळवाली केलं? मी घसा खाकरला, पाणी प्यालो, चष्मा पुसला, आणि मग वाचलं. भरभर, मान वर न करता, थेट बाईंच्या बदलीपर्यंत.

अम्मा ‘छाट’ म्हणाली नाही. ही पसंती की दुसरं काही, ते मला कळेना.

“बाई भेटल्या हुत्या मला,” ती म्हणाली. “मंगळवारच्या बाजारात. म्हणल्या, तुमच्या हातची चाट कधी खायला घालताय?”

म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं. इतकी वर्षं. मी कसंबसं विचारलं, मग तू काय म्हणालीस?

“घालते की, या कधीबी, म्हणलं.” तिनं पानं पुन्हा एकदा सारखी केली. “मला कुटं येत हुती भेळ? म्हणून दर ऐतवारी करून बघत हुते. बाई आल्या असत्या आन् तू खोटा पडला असतास तर?”

मी रडलो. तंबाखूचं निमित्त जवळच होतं, पण तेही मला सांगता आलं नाही. गिळगिळीत झालीय, हे माझं वाक्य तेवढं कानात वाजत राहिलं.

अम्मानं मला रडू दिलं. मग विचारलं, हे लिवलंयस का ह्यात?

मी म्हटलं, नाही, मला माहीतच नव्हतं.

“मग लिव की,” ती म्हणाली, आणि चाटेतली पानं काढून उशाशी ठेवून तिनं रिकामी चाट माझ्या मांडीवर दिली.