गेट राहिलंय

गल्लीत तिला सगळे ‘टेप’ म्हणत. शिवणाचा टेप तिच्या गळ्यातून कधी उतरतच नसे. फ्रॉक असो की पडदा, आधी माप, मग गप्पा.

घराभोवतीचं लोखंडी कुंपण तिच्या नवऱ्यानं स्वतः वेल्डिंग करून उभं केलेलं. रंगवायचाही तोच. दोन वर्षांपूर्वी तो परदेशी कामावर गेला आणि कुंपणाला गंज चढला. आता तो महिन्याभरात परतणार होता. त्याच्या आत कुंपण लख्ख करायचंच, असं टेपनं मनावर घेतलं.

तारेच्या ब्रशनं तिनं गंज खरवडला, पॉलिश पेपरनं गज घासले, रॉकेलच्या फडक्यानं पुसले. सासूबाई दारात खुर्ची टाकून मुकादमी करत होत्या. “अगं, तो राहिला. तो नाही, पलीकडचा!” बसल्या जागेवरून सगळ्यांनाच सगळं दिसतं.

प्रत्येक गजाच्या तळाशी जुन्या रंगाचे ओघळ सुकलेले होते. माणूस घायकुता, ब्रश निथळून घेणं त्याला ठाऊकच नाही. ते ओघळ घासून काढायला तिचा हात धजेना. त्याची इतकी आठवण आली, की पॉलिश पेपर हातात धरून ती नुसतीच बसून राहिली.

मग गंज पुन्हा धरू नये म्हणून कुंपणाला आणि गेटला रेडऑक्साइडचा तांबडा हात दिला आणि तो वाळल्यावर निळा रंग काढला. किती लागेल ते तिनंच टेपनं मोजून ठरवलं होतं. दुकानदार मोठा डबा घ्या म्हणत होता, पण मापात तिला कोण शिकवणार! आणि गेटपाशी येईतो डबा कोरडा ठण्ण. तिनं कुंपणाची फक्त बाहेरची बाजू मोजली होती.

“कापडासारखी उलटी बाजू सोडून दिलीस होय गं?” सासूबाईंना हसू आवरेना. “जाऊ दे. गेट तो आला की रंगवेल.”

दुकान दोन मिनिटांवर होतं. ती गेली नाही. तो गेटपाशी उकिडवा बसेल, आपण डबा धरू, तो शर्टावर रंग सांडेल, मग आपण करवादू, हे तिनं मनात इतक्यांदा पाहिलं, की तांबडं गेट तिला आवडायलाच लागलं.

रविवारी त्याचा फोन आला.

“अहो, सगळं कुंपण झालं. गेट तेवढं तुमच्यासाठी ठेवलंय.”

तो म्हणाला, “अगं, इथलं काम अजून वर्षभर वाढलंय. मी हो म्हणून बसलोय.”

“बरं,” ती म्हणाली. “जेवता ना वेळेवर?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं निळ्या रंगाचा डबा आणला आणि गेटपाशी पाट टाकून बसली.

सासूबाई बाहेर आल्या. “अगं, त्याच्यासाठी थांबणार होतीस ना?”

“मी थांबेन हो, आई,” ती ब्रश बुडवत म्हणाली. “लोखंड थांबत नाही.”

सासूबाईंनी खुर्ची ओढत गेटपाशी आणली. वाकून त्यांनी डबा उचलला आणि तिच्या हाताशी धरून ठेवला.