शेजारतीची घंटी

आमचे हे गेले त्यानंतर कितीतरी महिने मी धड झोपले नाही, आणि ही गोष्ट मी कुणाला दुखणं म्हणून सांगितलीच नाही. मी सांगण्याआधीच लोकांनी तिला भक्ती म्हणून टाकलं, आणि मलाही ते सोयीचं वाटलं. आज अकोल्याच्या माझ्या घरी देवघरासमोर बसून हे लिहिते आहे ते देवाचे आभार मानण्यासाठी. पण आधी झालं ते जसंच्या तसं सांगते. त्यात कुणाला चमत्कार दिसला तर दिसो, मी वाद घालणार नाही.

यांना लकवा झाला तेव्हा उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. माणूस मोठा बोलका. भाजीवाल्याशीही अर्धा तास बोलत उभा राहणारा. त्यांना बोलता येईना म्हणून मी देवघरातली पितळी घंटी त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली. पाणी हवं, कूस बदलायची, भीती वाटते, सगळ्याला ती एकच घंटी. पुढेपुढे तर ती कशी वाजली यावरून त्यांना काय हवं ते मला कळायला लागलं. दोन वर्षं मी त्यांच्या पलंगाशेजारी खाली सतरंजी टाकून निजले. घंटी नुसती सरकली तरी उठून बसायची. मग एका सकाळी ते गेले. हात माझ्या हातात होता, तेवढं देवाने दिलं. पण माणूस गेला तरी कान ऐकायचे थांबले नाहीत. अंग टेकलं, डोळा लागला, की घंटी वाजल्यासारखी व्हायची आणि मी उठून रिकाम्या पलंगाकडे बघत बसायची.

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या जागी तेराव्यापर्यंत दिवा तेवत ठेवतात. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि सून वैशाली दिवा उचलायला आली तेव्हा मी तिला उचलू दिला नाही. म्हटलं, राहू दे, मी देवघरात ठेवते. तो दिवा मग मी विझूच दिला नाही. तसंही झोप नव्हतीच, तेव्हा रात्रभर त्याच्याजवळ बसून तेल घालायचं, वात सरकवायची, नाम घ्यायचं. मला वाटायचं, हा विझला तर ते खरंच गेले. हे मी कुणाजवळ बोलले नाही. लोकांना दिसला तो नंदादीप, आणि त्याच्याजवळ जागणारी बाई.

आमच्या भजनी मंडळात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. बायका येऊन पाया पडायला लागल्या. एक जण तर रडकं बाळ घेऊन आली, म्हणाली, "काकू, तुमच्या हातचा अंगारा लावा, याले झोप लागत नाही." मी लावला. ज्या बाईला स्वतःला झोप नाही तिच्याकडे झोपेचा अंगारा मागायला आली, आणि मला त्याचं हसूही आलं नाही, इतकं माझं डोकं तेव्हा बधिर झालं होतं. खोटं कशाला बोलू, पाया पडलेलं बरंही वाटायचं. मुलगा प्रशांत येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचा, आई आता नामातच रमली. इकडे माझं वजन उतरत होतं, हात कापत होते, चपला फ्रिजमध्ये आणि दूध कपाटात अशी गत झाली होती. शेजारणीने मेडिकलमधून कसलीशी झोपेची गोळी आणून दिली, ती घेतली तर दुसरा सगळा दिवस भिंती धरून चालले. आणि मनात एकच घोळायचं, की आता आपलं इथे काय काम राहिलं. सकाळ नाही झाली तरी चालेल.

मग ते गॅसचं झालं. दुपारची वेळ, मी दूध तापवायला ठेवलं आणि ओट्याशी उभी राहिले. डोळे उघडे होते म्हणतात. दूध उतू जाऊन शेगडी विझली, गॅस तसाच सुरू, आणि माझ्या पायाशी नात चित्रं काढत बसलेली. वैशाली धावत आली, तिने बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, पोरीला उचलून बाहेर नेलं. मला ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात गेले की ती पोरीला हाक मारून आपल्याकडे बोलवायची. ज्या घरासाठी जन्म गेला त्या घरात लेकराला आपल्यापासून जपावं लागतं, हे मला फार लागलं. मी नणंदेकडे अमरावतीला निघून गेले. जाताना दिवा प्रशांतच्या हवाली केला, विझू देऊ नको म्हणून शपथ घातली. परत येईन असं मनाशी काही ठरवलं नव्हतं.

नणंदेच्या घरामागे एक लहानसं विठ्ठलाचं देऊळ आहे. संध्याकाळच्या जेवणानंतर तिथे शेजारती होते. मी गेले तेव्हा चार-पाच बायकाच होत्या. गुरवांनी देवाला दूध दाखवलं, लहानशी गादी अंथरली, हळू आवाजात आरती म्हटली, शेवटी घंटी वाजवली आणि पडदा ओढला. घंटीचा आवाज ऐकून माझ्या छातीत धस्स झालं. बायका उठून गेल्या. मी बसूनच राहिले. गुरव म्हणाले, "बाई, देव निजले आता." मी म्हटलं, "निजू द्या. मी जागते इथं, तुमी जा."

मागे खांबाला टेकून एक बाई बसलेली होती, माझ्याच वयाची, जवळ संत्र्यांची पिशवी. ती उठून माझ्याशेजारी येऊन बसली.

"काहून वो ताई, देवाले राखण लागते काय?"

मी नुसता पदर सावरला.

"कधीपासून झोप नाही तुमाले?"

"हे गेले तेव्हापासून."

"आन् घरचे काय म्हणतात?"

"म्हणतात, भक्ती वाढली."

तिने संत्र्यांची पिशवी बाजूला सरकवली. मग तिने आपली गोष्ट सांगितली. ती शेंदूरजनाघाटची. "माही मोठी बहीण अशीच होती. भाऊजी गेले आन् तिची झोप गेली. रात्रभर पोथी वाचत बसे. आमी म्हणो, ताईले देवाचा ध्यास लागला. लोकं पाया पडत, मीबी पडली. तिचे डोये खोल गेले, आंग वायलं, तरी आमी पायाच पडत राहिलो. दवाखान्यात कोणी नेलं नाही. मंग एक दिवस ते राहिली नाही." कशाने, ते मी विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून समजलं. "तुमी पडद्यासमोर बसून होत्या ना, तर मले माही बहीणच बसून आहे असं वाटलं," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. मग मलाही आलं. हे गेल्यावर मी लोकांसमोर रडले नव्हते, त्या अनोळखी बाईच्या खांद्यावर रडले. रडता रडता तिला सगळं सांगितलं, सकाळ नाही झाली तरी चालेल, हेसुद्धा.

तिने डोळे पुसले आणि एकदम कडक आवाजात म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे जायचं. अंगारा नाही, बुवा नाही. मी येते संगं." दुसऱ्या दिवशी सकाळी ती खरंच ऑटो घेऊन नणंदेच्या दारात उभी होती. तिथून निघताना तिनेच नणंदेला सांगितलं, यांच्या लेकाले फोन करा, आन् यांना एकटं सोडू नका.

डॉक्टरीणबाई मनाच्या आजारांच्या आहेत हे पाटी वाचून कळलं तेव्हा माझे पाय दारातच अडले. तिथे वेडे जातात असंच आम्ही समजत आलो. त्या बाईने माझा दंड धरून मला आत नेलं. डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. दुःखात काही रात्री झोप जाणं हे माणसाचंच लक्षण, त्या म्हणाल्या. पण हेच आठवड्यांमागून आठवडे चाललं, दिवसाची कामं बिघडायला लागली, उभ्याउभ्या डोळा लागायला लागला, तर वाट पाहू नये. आणि जगणं नको वाटलं तर एक दिवससुद्धा थांबू नये. मग त्यांनी मला सरळ विचारलं, तसं वाटतं का. मी हो म्हटलं. हो म्हटल्यावर छातीवरचा दगड थोडा हलला. त्यांनी रक्त तपासलं, औषध लिहून दिलं, शेजारणीच्या गोळ्या टाकून द्यायला लावल्या. रोज एकाच वेळी उठायचं, दुपारी लवंडायचं नाही, संध्याकाळनंतर चहा बंद, आणि दर आठवड्याला येऊन मनातलं बोलायचं. बाहेर आले तर ती बाई निघून गेली होती. बाकावर माझ्यासाठी दोन संत्री ठेवलेली. नाव विचारायचं राहूनच गेलं. पुढे देवळात चौकशी केली, गुरव म्हणाले, "शेजारतीले कितीक येतात, बाई." मी जास्त शोधलं नाही.

प्रशांत त्याच दिवशी न्यायला आला. सगळं ऐकून तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. "आई, आमाले वाटलं तू सुखात आहे," एवढंच म्हणाला. घरी आले तर दिवा तेवतच होता. वैशालीने माझी गादी आपल्या खोलीत, पोरीच्या बाजूला घातली.

झोप काही लगेच आली नाही. महिना-दोन महिने गेले. औषधाने अंग सैल व्हायचं, पण कान ऐकतच राहायचे. दर आठवड्याला प्रशांत मला अमरावतीला डॉक्टरीणबाईंकडे न्यायचा. तिथे बोलता बोलता एके दिवशी माझ्याच तोंडून निघालं, की मी त्यांना दोन वर्षं जागून सांभाळलं, पण त्यांना निजवलं कधीच नाही. ती घंटी मी तेराव्यानंतर कापडात बांधून ठेवली होती, आरतीलाही घेत नव्हते. त्या संध्याकाळी ती सोडली, चिंचेने घासली. देवांपुढे दूध ठेवलं, पाटावर त्यांच्यासाठी वस्त्र अंथरलं आणि घरातल्या देवांची शेजारती केली. मग यांच्या फोटोजवळ गेले आणि घंटी एकदाच, हळू वाजवली. म्हटलं, "निजा आता. लई जागले तुमी. मीबी निजते." वैशाली दारात उभी राहून रडत होती. दिव्यात तेल घालायचं मला आठवलं, पण मी घातलं नाही.

जाग आली तेव्हा उन्हं भिंतीवर आली होती आणि नातीचा पाय माझ्या पोटावर होता. देवघरात गेले. दिवा केव्हातरी विझला होता. मी किती भ्याले होते त्या दिव्याच्या विझण्याला. ते गेलेच होते, आणि देव पाटावर होता तसाच होता. राखण त्याची होती, माझी कधी नव्हतीच. मी खूप वेळ रडले. मग देवांना उठवलं आणि नातीसाठी दूध तापवायला स्वयंपाकघरात गेले. वैशालीने तिला हाक मारली नाही.