तात्यांच्या चिंचेसाठी चाळणी

दुपारची झोप मला कधी पुरी येत नाही. ती दारात उभी राहून आत डोकावते आणि निघून जाते. आज मात्र हातोडी चालवून चालवून खांदा भरून आलाय. वरच्या खोलीत चटईवर आडवी झालेय आणि शेजारी माझी अर्धवट चाळणी. लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेली जाळी, एका बाजूचे खिळे अजून मारायचे राहिलेत. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत बारीक चौकोन हलतायत.

दाराबाहेर गच्चीच्या कट्ट्यावर तात्यांची चिंच आहे. तात्या म्हणजे माझे सासरे. सगळं आयुष्य सांगलीच्या हळदीच्या पेठेत गेलं, नखं शेवटपर्यंत पिवळी होती. पण जीव म्हणाल तर पसरट कुंडीतल्या त्या हातभर बोन्साय चिंचेत. त्यांना जाऊन दोन दिवाळ्या झाल्या. हल्ली चिंचेला पाणी घातलं की ते वरच साचून राहतं आणि पानं पिवळी पडून गळतात. माती बदलायला हवी, एवढं मलाही कळतं. पण त्या कुंडीतला कण न् कण तात्यांनी आपल्या हातानं चाळून भरलाय. त्यांच्या हातचं घरात तेवढंच उरलंय. म्हणून मी आपली 'पुढच्या महिन्यात' म्हणत दिवस ढकलतेय. काल महावीर, म्हणजे माझा नवरा, शेवटी म्हणाले, "रविवारी नर्सरीवाल्याला बोलावलंय. देऊन टाकू. मरताना बघवणार आहे का तुला?"

मी आज सकाळी तिरमिरीत विटा फोडल्या. हे काही मी कुठं शिकलेली नाही. मोबाईलवर एक परदेशी म्हातारा विटांचा चुरा चाळताना दिसला. भाषा कळेना, पण चाळणं बाईला कुणी शिकवायचं? पिठाच्या जुन्या चाळणीनं घमेलंभर चुरा चाळला. खाली पडला तो पिठीसारखा मऊ लाल भुगा टबात भरून ठेवला. वरची खडी पिशवीत घालून जिन्याखाली टाकली, कचऱ्याच्या गाडीत द्यायला. तेवढ्यात चाळणी फाटली, म्हणून ही नवी.

ठक. ठक.

हातोडी तर माझ्या उशाशी आहे.

बघते तर दारात तात्या. उकिडवे बसून राहिलेले खिळे मारतायत. पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, ओठांत दोन खिळे धरलेले. मी आधी पदर सावरते. स्वप्न झालं म्हणून काय, सासरा तो सासरा.

"तात्या, तुम्ही गेला होता ना?"

"गेलो होतो की," ते खिळ्यांच्या फटीतून म्हणतात. "खिळे आणायला."

मग ते जाळीवरून बोट फिरवतात.

"जाळी कुठनं आणलीस गं?"

"पेठेतनं," मी म्हणते, आणि आम्ही पेठेतच आहोत. हार्डवेअरचं सकाळचंच दुकान, पण छताला नुसत्या चाळण्या टांगल्यात. उजेड त्यांच्यातून चाळून खाली येतोय. गल्ल्यावर तात्या बसलेत, शर्टावर उजेडाची मोहरी सांडल्यासारखी.

"बोला बाई. डास अडवायचे का उंदीर?"

सकाळी खऱ्या दुकानदारानं अगदी हेच विचारलं होतं आणि सगळं दुकान हसलं होतं.

"तात्या, तुम्हीसुद्धा?"

"अगं, मापानं सांगावं. जाळी म्हणजे काय लुगडं आहे, 'जरा बरी दाखवा' म्हणायला?"

"मी म्हटलं, डास आणि उंदराच्या मधलं द्या."

तात्या चिमटीतून जाळीवर दोन दाणे सोडतात. ज्वारीचा वर थांबतो. मोहरीचा खाली जातो, पण पडल्याचा आवाज काही येत नाही.

"बरोबर आणलीस की," ते म्हणतात. "अंदाजानं का असेना."

मी फुलते. इतक्या वर्षांत हा माणूस मला 'बरोबर' म्हणाला असेल तर ते फक्त आमटीला.

आमटी आठवली म्हणून की काय, आम्ही स्वयंपाकघरात आहोत. तात्या पाटावर बसलेत, समोर ताट वाढलंय आणि ताटात माझा लाल भुगा.

"हे काय?"

"चिंचेसाठी. हात लावून तर बघा, किती मऊ चाळलंय."

तात्या हात लावतात, आणि असे हसायला लागतात की कवळी सांभाळावी लागते. "जयमाला, अगं चिंचेला चपात्या घालणार आहेस होय?"

"का? काय झालं?"

ते तांब्यातलं पाणी ताटात ओततात. भुग्याचा चिखल होतो आणि पाणी लालभडक होऊन वर तसंच उभं राहतं. "आता यात नाक बुडव आणि घे बघू श्वास. मुळांनी जगायचं कसं? खाली पडलं ते टाकायचं. वर राहिलं ते ठेवायचं."

"जन्मभर मी खाली पडलेलं ठेवलं आणि वरचा कोंडा गाईला घातला."

"मग बरोबरच केलंस. तुझ्या चपातीला मी कधी नाव ठेवलंय?"

"ठेवलंय."

"तोंडावर नाही ठेवलं."

जिन्याखालची पिशवी त्यांच्या मांडीवर आहे. ते खडी चाळणीत ओततात आणि हलवता हलवता थांबतात. चाळणी खाली ठेवून तिची एक कड खड्यावर टेकवतात.

"मुंग्या आहेत. जाऊ दे त्यांना."

असं ते नेहमीच करायचे. पाणी गाळून पिणारा माणूस, माती तरी जीव बघितल्याशिवाय कशी चाळेल? आधी वाट बघायची, मग हात लावायचा. मला त्या वाट बघण्याचा वैताग यायचा. खाली भात गार होत असायचा. आज मी त्यांच्या शेजारी मांडी घालून बसते. स्वयंपाकघराच्या भिंती आता नाहीत. वर भली थोरली चिंच आहे, आणि लांब, गावाच्या वेशीसारखी, कुंडीची कड. वाकडी फांदी मी ओळखते. तिच्यावर तारेचा जुना वळ आहे, माझ्या दंडाएवढा जाड.

"तात्या, कुंडीतली माती काढवत नाही."

"का? जड आहे?"

"तुम्ही चाळलेली आहे."

ते मुंग्यांकडे बघत राहतात. "ती माती संपली गं. कण फुटून पीठ झालं तिचं. मी होतो तेव्हाच बदलायला पाहिजे होती."

"मग का नाही बदललीत?"

तात्या हात पुढं करतात. पिवळी नखं थरथरतायत. "कात्री धरवेना. मूळ कापायला गेलो असतो आणि खोडच कापलं असतं."

"मला हाक मारायची होती."

"आलो होतो की. दोनदा आलो, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. तू विचारलंस, पाणी हवं का. मग पाणी पिऊन वर गेलो."

मला ते आठवतं. भर दुपारी दोन जिने उतरून आलेले तात्या, आणि वर माठ भरलेला. तेव्हा मनात आलं होतं, म्हाताऱ्याला विसर पडायला लागला.

"किती कापू?" मी विचारते.

"तिसरा हिस्सा. जाड असतील ती. केसासारखी असतात त्यांना हात लावू नकोस, पाणी तीच पितात."

"आणि मेली तर?"

"मरेल. तशीही मरायलाच लागलीय. निदान घरच्या माणसाच्या हातानं तरी." मग माझ्याकडे बघून, जरा दटावून, "पण मरत नाही. चिवट आहे. तुझ्यासारखी."

वरची पानं हळूहळू मिटायला लागतात. संध्याकाळ झाली की चिंच झोपते. तात्या गुडघ्यावर हात टेकून उठतात. दिवस बुडाल्यावर त्यांनी कधी घास घेतला नाही.

"थांबा ना, वाढते."

"नको. तिकडं वाढून ठेवलंय."

"कसं असतं जेवण?"

"मीठ कमी," ते म्हणतात आणि हात मागे बांधून कुंडीच्या कडेवरून चालायला लागतात, शेताच्या बांधावरून चालावं तसे. मी हाक मारणार, तेवढ्यात चटई टोचते.

ऊन अजून गच्चीवर आहे. चाळणीच्या एका बाजूचे खिळे राहिलेलेच आहेत. कुणी मारलेले नाहीत. मी मारते. एक अंगठ्यावर बसतो. जिन्याखालची पिशवी वर आणते. मग चिंचेची कुंडी आडवी धरून बुडावर थापट्या देते, भांड्यातून इडली काढावी तशा. माती वडीसारखी अख्खी बाहेर येते.

दुकानातून आलेले महावीर दारात उभे. "काय चाललंय हे?"

"अहो, धरा हिला. घट्ट नको, लेकरू धरतात तसं."

ते बाहेरच्या शर्टासकट खाली बसतात. धरतात. "रविवारी नर्सरीवाल्याला काय सांगू?"

"चहा पिऊन जा म्हणावं."

मी कात्री घेते. पहिलं मूळ कापताना माझे डोळे मिटलेले आहेत, दुसऱ्याला उघडते. केसासारखी बाजूला सारून जाड तेवढी कापते. मी कात्री मिटली की महावीर दरवेळी श्वास सोडतात.

जुनी माती टाकायची म्हणून हातात घेते आणि टाकत नाही. नव्या चाळणीवर कुस्करते. हलवते. काळपट लाल पीठ झरझर खाली जातं, जातच राहतं. सगळं जाणार असं वाटतं.

जाळीवर मूठभर विटांचे कण उरतात. ज्वारीएवढे, धारदार कोपऱ्यांचे, ओले.

"हे टाकू?" महावीर विचारतात.

मी चाळणी त्यांच्या पुढून ओढून घेते. ते कण कुंडीच्या तळाशी पसरते, मुळं टेकतील तिथं. आधी तात्यांचे, मग वरून माझे.