साठ मीटरच्या वर

रेजांग नदीच्या वरच्या अंगाला इबान लोकांत जन्मलेली सुलाऊ नावाची तरुणी झाडं मोजायची, ती विमानातून आलेल्या ठिपक्यांनी. विमान जंगलावर लेझरचे किरण सांडत जाई, परतलेल्या एकेका किरणाचा ठिपका होई, आणि कोट्यवधी ठिपक्यांचा तो ढग सिबूच्या मोजणी कचेरीत तिच्या संगणकापुढे येऊन पडे. ‘आर’ नावाच्या आकडेमोडीच्या भाषेत ती तो वाचून घेई. संगणक जुना, ढग अजस्र. सगळा आत घेतला की यंत्र गुदमरून बंद पडे. म्हणून वाचतानाच ती एक ओळ घाली : जमिनीपासून साठ मीटरच्या वरचे ठिपके टाकून दे. वर असतं काय? पाखरं आणि धुकं. अकेशियाच्या बुटक्या लागवडी मोजताना ही ओळ कधी नडली नव्हती. पुढे जंगलाच्या फायली आल्या, तरी ओळ तशीच राहिली. टेकड्यांना फायलींत नावं नसत, नुसते क्रमांक; त्यात आपल्या घरची टेकडी कुठली, हे तिला कळत नसे.

यंदा सुगीच्या सणाला ती घरी आली आणि सकाळीच टेकडीवर यांत्रिक करवत किंचाळली.

तिथं तापांग होतं, मधमाश्यांचं झाड, सुलाऊच्या घराण्याचं. तापांग पाडणं म्हणजे माणूस मारणं, अशी इबान लोकांची रीत. पाडणाऱ्यानं जिवाचा दंड भरायचा, खुनाला असतो तेवढा. सारं लांबघर, एका लांब छपराखाली राहणारं अख्खं गाव, कोयते घेऊन धावलं.

लाकूडतोड कंपनीच्या मुकादम जान्तानची माणसं वाट अडवून उभी होती. बोलणं झालंच नाही. पहिला सोटा आकी बेलायोंगच्या, म्हणजे सुलाऊच्या आजोबांच्या जबड्यावर बसला. दात रक्तासकट पाचोळ्यात सांडले. तिचा चुलतभाऊ न्यांबोंग यानं कोयता फिरवला आणि एकाचा कान लोंबू लागला. कुणाचं मनगट कडकन मोडलं. मग वरचं मोहोळ उठलं. माश्यांनी ना घरचे पाहिले ना परके.

“झाडाला हात लावलास तर चिरीन!” न्यांबोंग ओरडला.

जान्तान ओल्या गोणपाटाखालून हसला. “कुठलं झाड? नकाशात या टेकडीवर झुडपं आहेत, झुडपं! तुझ्या बहिणीच्याच कचेरीचा नकाशा. काय हो मोजणीवाल्या बाई, खोटं बोलतो का मी?”

त्यानं फेकलेला कागद सुलाऊनं उचलला. मग वर पाहिलं. नितळ, सरळ खोड आणि फांद्या सगळ्या साठच्या वर. पाखरं समजून तिनंच त्या टाकून दिल्या होत्या.

ती खाली पळाली. ओसरीवर सोबत आणलेला संगणक उघडून टेकडीएवढाच तुकडा वाचायला घेतला आणि ती ओळ पुसली. सुजलेल्या पापण्यांआडून तिला दिसलं : ठिपके वर, आणखी वर गेले आणि झाड उभं राहिलं. चित्र वन-अधिकाऱ्याला पाठवून तिनं फोन लावला.

“साहेब, नकाशा चुकलाय. मीच चुकवलाय. माणसं मरतायत इथं!”

ती टेकडीवर परत पोचली तेव्हा जान्तानच्या कानाला वन-अधिकाऱ्याचा फोन होता. तो थुंकला. “घ्या तुमचं झाड. करवत अर्ध्याच्या पलीकडं गेलीय, सांभाळा.” जखमींना ओढत त्याची टोळी उतरली.

तापांग कण्हत होतं. खाली लांबघर, आणि झाडाचा कल तिकडेच. वारा सुटायच्या आत दोर लावून ते पलीकडच्या घळीत पाडायला हवं होतं.

आकीनं फुटल्या जबड्यातून शब्द ढकलले, “आपणच पाडायचं.”

“पाडेल त्याला जिवाचा दंड, आकी,” न्यांबोंग म्हणाला. कुऱ्हाड जमिनीवर पडून राहिली. पोरंबाळं असलेले मागे सरकले.

सुलाऊ पुढे झाली.

“तू? अगं, तुला कुऱ्हाड धरता येते का?”

“मग दाखव ना कशी धरायची! वारा तुझ्यासाठी थांबणार आहे का?”

न्यांबोंगनं तिचे हात दांड्यावर नीट बसवले आणि तो दोराकडे गेला. पहिला घाव उसळून परत आला, खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. दुसरा रुतला. मानेवर माश्या डसत होत्या. त्या न झटकता तिनं तिसऱ्या घावासाठी कुऱ्हाड उचलली.