मेंदूतली कोपी

दुष्काळापायी धारूरच्या छबुबाईंनी वीस हंगाम फडाफडाला हलवायच्या बांबूच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहून सहकारी कारखान्यांचा ऊस तोडला आणि लेकीला शिकवलं. मंदा आता पुण्यात मेंदूच्या गाठींवर संशोधन करते, पण शेजारच्या सुंदरबाईंनी "लेक करती तरी काय गं?" असं विचारलं, की एरवी कुणाला न हटणाऱ्या छबुबाई घागर उचलून वाट धरायच्या. उन्हाळ्यात मंदा घरी आली, तेव्हा त्यांनी तिला चुलीपुढंच गाठून तेच विचारलं.

"आई, पेशीला आतून प्रथिनांचा सांगाडा असतो. वाईट गाठीतली पेशी तो मागून मोडते, पुढं उभारते आणि मेंदूत सरकत जाते."

"म्हंजी आपली कोपीच की! हितले बांबू उपसायचे, फुडच्या फडात रोवायचे."

"अगदी तसंच! ते बांबू उपसूच द्यायचे नाहीत, असं औषध शोधतोय आम्ही."

"लई अवघड काम काढलंस बाई. मी तर घटकाभरात कोपी मोडायची!"

दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत सुंदरबाईंनी तोच प्रश्न टाकला. छबुबाईंनी घागर खाली ठेवली आणि काटक्यांची कोपी मातीत रोवून, उपसून, पुन्हा रोवून अख्ख्या रांगेला दाखवली. नंबर गेला, टँकरही गेला. रिकामी घागर डोक्यावर घेऊन छबुबाई भरल्या घागरीच्या ऐटीत घरी आल्या.